अर्ध्या मिनिटाची डबलबारी

लोकांचा अंगठा थांबवणं हा माझा धंदा आहे. हो, अंगठाच. मोबाईलवर खालून वर सरकत राहणारा, कशाचंही सोयरसुतक नसलेला. त्याला "थांब रे बाबा, जरा बघ तरी" म्हणायचं, आणि तो थांबला की अर्धा मिनिट धरून ठेवायचं. आमच्या सोसायटीत लोकांना वाटतं, शैलाबाई रिटायर झाल्या आणि दिवसभर रील बघत बसतात. बघतेच. डेंटिस्ट दिवसभर लोकांचे दात बघत बसतो, त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.

त्याआधी सगळी नोकरी अंधेरीला एका एडिटिंग स्टुडिओत गेली. मालिकांचे प्रोमो कापायचे. सासू हात उगारते, सून डोळे मिटते, कट! उगारलेला हात पुढे कुठे पडला ते दाखवायचं नाही, हा प्रोमोचा पहिला आणि शेवटचा नियम. हात बहुतेक वेळा देवघरातल्या घंटेवर पडायचा, पण ते संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्यावर कळायचं. माझ्या सासूबाई दुपारी स्टुडिओत फोन करून विचारायच्या, "मारलं का गं तिने त्या पोरीला?" मी म्हणायचे, "बघा की आज." घरच्या माणसाला पण सांगायचं नाही. त्या मरेपर्यंत ह्यावरून माझ्यावर नाराज होत्या.

रिटायर झाले, मुलुंडला घरी बसले आणि चौथ्या दिवशी नवऱ्याशी भांडण काढलं. मग एका मैत्रिणीच्या साडीच्या दुकानासाठी रील करून दिलं, ते चाललं, आणि हा दुसरा धंदा सुरू झाला. माझी गिऱ्हाइकं सगळी छोटी माणसं. क्लासवाले, दुकानदार, केटरर. प्रत्येकाला एकच पाहिजे असतं, "मॅडम, आपलं पण व्हायरल करा ना." जसं काही माझ्या कपाटात व्हायरलची बाटली आहे आणि मी चमचा चमचा वाटते.

खरं सांगायचं तर ह्यात जादू काही नाही. पहिल्या तीन सेकंदांत सगळा खेळ. तेवढ्यात काहीतरी घडलं पाहिजे, नाहीतर अंगठा पुढे गेला. आणि आपल्या माणसांना नेमका तिथेच "नमस्कार" हा आजार. पार्ल्याच्या एक काकू मोदकांचे क्लास घेतात. कॅमेरा लावला की त्या पदर सारखा करून, "नमस्कार मैत्रिणींनो, मी तुमची..." त्यांचं नाव येईपर्यंत मैत्रिणी दुसऱ्याच कुणाचा कुत्रा बघत असायच्या. मी म्हटलं, काकू, सुरुवात मोदक फुटतो तिथून करा. उकड फाटली, सारण बाहेर आलं, सगळ्या बायका थांबतील, कारण सगळ्यांचे फुटतात. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे नमस्कार न करता लोकांच्या घरात शिरायचं?" मी म्हटलं, "अहो, त्यांनी अजून दारच उघडलेलं नाही. नमस्कार कुणाला करताय, दाराला?" शेवटी तडजोड झाली. नमस्कार शेवटाला. आता लोक त्यांचा तो शेवटचा नमस्कार बघायला थांबतात, आणि काकू मला सांगतात की ही कल्पना त्यांचीच होती.

बोरिवलीचे एक डेंटिस्ट. त्यांना नाचायचं होतं. मी हात जोडले. "डॉक्टर, दात काढणारा माणूस नाचताना बघितल्यावर कोण तोंड उघडणार आहे?" ऐकतात कसले! नाचले. आणि काय सांगू, झकास नाचले. लाखो लोकांनी बघितलं, पण बघणारे सगळे कुठले कुठले, लांबचे, लग्नाच्या वराती काढणारे. बोरिवलीतून एक दाढ आली नाही. बघणारे वेगळे आणि येणारे वेगळे, हे ह्या धंद्यातलं सगळ्यात कडू सत्य मी तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो, पुढचं गाणं कुठलं घेऊ या?"

आणि अजून एक सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यातनं झाली. रील कुणाला दाखवायचं हे माणूस ठरवत नाही, यंत्र ठरवतं. लोक कुठे थांबले, कुणाला पाठवलं, खाली काय लिहिलं, ते मोजतं आणि अजून लोकांपुढे वाढतं. त्या यंत्राला कौतुक कळत नाही, भांडण मात्र बरोबर कळतं. खाली दोन माणसं जुंपली की ती परत परत येतात, एकमेकांची उत्तरं वाचतात, मग तिसरा येतो. यंत्राला वाटतं, अरे वा, इथे जेवणावळ बसलेली दिसते, पाठवा अजून पानं.

आता वासूबुवांकडे येते.

एका दुपारी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती आणि लिफ्टच्या विहिरीतून अभंग ऐकू येत होता. मी जाळीतून डोकावले. खाली एक टकलू गृहस्थ हातात पाना घेऊन, डोळे मिटून, मस्त आवाज लावून गात होते. म्हटलं, "अहो, लिफ्ट दुरुस्त करताय की काकड आरती?" ते वर बघून हसले. "मॅडम, इथे आवाज काय घुमतो माहितीये! हॉलमध्ये नाही असा घुमत." हे वासूबुवा. राहणार नाहूर, वडील गिरणीत होते, स्वतः लिफ्टचे मेकॅनिक आणि डबलबारीचे बुवा.

डबलबारी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही आमच्या कोकणातल्या लोकांची भजनाची झुंज. दोन भजनी मंडळं, दोन बुवा, दोन पेट्या. आधी एक बुवा आपली बारी गाणार, मग दुसरा. अभंग, गौळण, गजर सगळं असतं, पण लोक येतात ते मधल्या टोमण्यांसाठी. एक बुवा दुसऱ्याची सालटी काढतो, दुसरा गाण्यातून त्याला परत देतो, हॉल नुसता डोक्यावर घेतात. आणि शेवटी दोघे मिळून गजर करतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि एकाच ताटातला शिरा खातात. जितका टोमणा तिखट, तितकी दोस्ती जुनी, असा सगळा हिशेब.

वासूबुवांच्या समोर कायम बसायचे ते गुंडूबुवा. घाटकोपरला लेडीज टेलर. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे दोघे समोरासमोर गातायत. दोघांचं दुखणं एकच, हॉल अर्धा रिकामा राहतो. जुनी माणसं गेली, नवी येत नाहीत. वासूबुवा म्हणाले, "ताई, तुम्ही मोदकवाल्या काकूंचं केलंत, आमचं पण करा ना." मी म्हटलं, करू.

नाहूरच्या बारीला मी ट्रायपॉड घेऊन गेले. गुंडूबुवांची घशाच्या ऑपरेशननंतरची ती पहिली बारी होती. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात वर जाताना आवाज फाटला आणि बंदच झाला. त्यांनी पेटीवरचा हात काढला, पाणी प्यायले, मान हलवली आणि अभंग अर्ध्यावर सोडला. कोरसने कसाबसा गजर ओढून बारी संपवली. मग वासूबुवांची पाळी आली. त्यांनी पेटीवर नुसता सूर धरला आणि म्हणाले, "गुंडूबुवा, अर्धो अभंग गायलास, उरलेलो काय घराक पार्सल नेतास?"

हॉल फुटला. सगळ्यात मोठ्याने गुंडूबुवा हसले, अगदी मांडीवर थापा मारून. आणि मग वासूबुवांनी तोच अभंग, जिथे तुटला होता तिथून उचलला आणि पूर्ण गायला. त्यात त्यांनी जीव ओतला. पाच-दहा मिनिटं कुणी खोकलं नाही. संपल्यावर गुंडूबुवा उठून आले आणि त्यांनी वासूबुवांना मिठी मारली.

आता हे सगळं अर्ध्या मिनिटात कसं मावणार? आवाज फाटला, पाणी, पार्सल, हशा, कट. रील तयार. मिठीवर अंगठा थांबत नाही, आणि अभंग काही चिमटीत धरून दाखवता येत नाही. मी दोघांनाही आधी पाठवलं. वासूबुवांना हसून हसून ठसका लागला. गुंडूबुवांचा फोन आला, "टाक गो बाय, टाक! पार्सल फस्क्लास इला." त्यांच्यातल्या कुणालाच वाटलं नाही की ह्यात काही राहून गेलंय. पुढे काय होतं ते त्यांच्या जगात पोराटोरांना पण माहीत असतं ना!

रील सुटलं. आधी वासूबुवांची पार्टी आणि गुंडूबुवांची पार्टी खाली जुंपली, यंत्र खूश झालं आणि ते रील डबलबारी म्हणजे काय हे न कळणाऱ्यांच्या पण मोबाईलवर जाऊन पोचलं. मग सुरू झालं. "आजारी माणसाची चेष्टा करता? लाज वाटते का?" "हेच का आपले संस्कार?" आणि गुंडूबुवांसाठी ढीगभर रडके चेहरे. "बिचारे काका." "काकांना आता आराम करू द्या." "बघवत नाही हो." पहिल्या दिवशी वासूबुवा दर तासाला फोन करून आकडा सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी ते स्वतः आले, सोफ्याच्या टोकावर बसले, चहाला हात लावेनात.

"वाट लागली, ताई."

"काय झालं?"

"गुंडू म्हणतो, बारी बंद. पेटी माळ्यावर टाकली त्याने. मुलुंडच्या पूजेची ठरलेली बारी दुसऱ्या कुणाबरोबर तरी कर म्हणाला."

"मग दुसरे बुवा बघा."

माणूस असा बघायला लागला माझ्याकडे, की मी त्याला दुसरी बायको बघा म्हटलं. "दुसरा कोण? माझ्यासमोर तो नसेल तर मी कोणाला बोलू? भिंतीला?"

मला वाटलं, टोमणा लागला असणार. साहजिक आहे, सगळ्या गावाने बघितलं. रील काढून टाकून उपयोग नव्हता, लोकांनी उचलून आपापल्या पानांवर लावलं होतं. म्हटलं, बुवा, माफीचं रील करू. पांढरा सदरा घाला. वासूबुवा पांढरा सदरा घालून बसले, हात जोडले आणि बोलायला तोंड उघडायच्या आधीच रडले. खरं रडले हो. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी धंद्याच्या डोळ्याने हेही दिसलं की अश्रू बरोबर तिसऱ्या सेकंदाला आलाय. काय करणार, जन्म गेला त्यात.

टाकण्याआधी गुंडूबुवांना दाखवू म्हणून आम्ही दोघे घाटकोपरला त्यांच्या दुकानात गेलो. गल्लीतलं छोटंसं दुकान, वर ब्लाऊज टांगलेले, गळ्यात टेप घालून गुंडूबुवा काउंटरला. आम्ही बोलायला लागणार तेवढ्यात एक बाई ब्लाऊज न्यायला आल्या. जाता जाता त्यांनी मधाची बाटली काउंटरवर ठेवली. "अंकल, रोज एक चम्मच लेना. आप के साथ बहोत गलत हुआ." गुंडूबुवांनी मान हलवली. मागच्या फळीवर मधाच्या अजून बाटल्या होत्या, हळदीची पाकिटं होती आणि कुणीतरी दिलेला थर्मास पण होता.

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी रील पूर्ण बघितलं आणि मोबाईल काउंटरवर पालथा घातला.

"वासू, तुका काय झाला?"

"माफी मागतंय," वासूबुवा खाली मान घालून म्हणाले.

"कसली?"

"ता... पार्सल."

"पार्सल बरां होता!" गुंडूबुवा एकदम ओरडले. घोगरा आवाज, पण ओरडले. "माका टोमणो लागूक नाय रे! पन्नास वर्सां टोमणे खातंय तुझे, आता लागतलो? माका ‘बिचारो’ म्हणतत. बिचारो! येणारी जाणारी बाय मध आणून देता. माप घेऊक गेलंय तर म्हणता, काका बसा, मी वाकतंय. आणि आता तू! आठ दिवस झाले, फोन करतंस आणि काय विचारतंस? ‘गुंडूबुवा, अहो तब्येत कशी आसा?’ अहो! तू माका अहो म्हणाक लागलंस?"

वासूबुवांनी पालथा मोबाईल हळूच माझ्याकडे सरकवला.

"आवाज पयलो येवचो नाय, ता डॉक्टरान आधीच सांगितल्यान," गुंडूबुवा हळू झाले. "माका वाटला होता, आता सगळे सांभाळून घेतले, पुढे खुर्चीर बसवतले, शाल घालतले आणि सपला. त्या दिवशी तू पार्सल म्हटलंस, तेवा वाटला, नाय, मी अजून बारीत आसंय. तेवढांच बरां वाटलेला. ता पण गेला."

मी वर टांगलेले ब्लाऊज बघायला लागले, कारण मला रडू आलं होतं आणि मी गिऱ्हाइकांसमोर रडत नाही. सगळी शिव्यांची काळजी करत बसलो होतो आणि माणूस कळवळ्याने मोडला होता. लोक वाईट पण नव्हते हो. मध घेऊन आले होते.

दुकानातून बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर मी त्यांना बळेच चहा पाजला आणि म्हटलं, "बुवा, हे माफीचं मी पुसून टाकते. तुम्ही त्यांना परत शिव्या घाला."

"आता? ताई, लोक मला मारतील."

"मारतील. चालेल का?"

त्यांनी सगळा चहा संपवला. कप ठेवला. "चालेल," म्हणाले.

हे रील मी आमच्या गच्चीवर शूट केलं, लिफ्टच्या खोलीशेजारी. पांढरा सदरा नाही, कामाचा शर्ट. पेटी मांडीवर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बुवांनी थेट कॅमेऱ्याकडे बोट केलं. "गुंड्या! आवाज बसलो म्हणान तूय बसलंस? सगळ्या घाटकोपरचो मध एकटो खातंस, लाज नाय तुका? मुलुंडाक पेटी घेऊन ये. नाय इलंस, तर लोकांका सांगतलंय, गुंड्या पयल्यापासून असोच गायचो, ऑपरेशन निमित्त झाला!"

इतक्या वर्षांत लोकांना आवडेल ते कापलं, आणि आता जाणूनबुजून लोकांना खवळवणारं टाकत होते. गिऱ्हाइकाचं नाव खराब होईल असं काम कोण करतं? पण बुवा म्हणाले, टाका. टाकलं.

शिव्या अशा आल्या की विचारू नका. "निर्लज्ज म्हातारा." "ह्याला भजनाला कोण बसवतो?" "देवाच्या दारात असली भाषा?" वासूबुवा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने त्यांचा मोबाईल काढून घेतला आणि स्वयंपाकघरात बसून स्वतः वाचायला लागली. मी गेले तेव्हा हसत सुटली होती. "शैलाताई, हा बघा, हा काय लिहितो, ह्या म्हाताऱ्याला कुणाचं ऐकायची सवयच नाही. अहो, ह्याला कसं कळलं?"

गुंडूबुवांकडून मात्र एक शब्द नाही. ना फोन, ना निरोप. दुकानावरून गेलेल्या कुणीतरी सांगितलं की शटर लवकर पाडतात आजकाल. मला झोप लागेना. समजा चुकलं असेल तर? समजा त्या माणसाला खरंच शेवटचं ढकललं असेल तर? नवरा म्हणाला, "तुला काय पडलंय एवढं, गिऱ्हाईक तर तो दुसरा आहे ना?" त्याच्याशी परत भांडले.

मुलुंडच्या पूजेचा दिवस. संध्याकाळी हॉलवर पोचले तर बाहेरपर्यंत चपला. खच्चून भरला होता. जुने लोक होतेच, पण अर्धे चेहरे मी कधी न बघितलेले. भांडण बघायला आलेली पोरं, बुवाला जाब विचारायला आलेली माणसं, आणि घाटकोपरच्या गुंडूबुवांच्या गिऱ्हाईक बायका, एका रांगेत, मांडीवर थर्मास घेऊन. हॉल भरायचा म्हणून मला बोलावलं होतं ना, भरला! पण डावीकडच्या पेटीमागे बुवा नव्हते. गुंडूबुवांचा कोरस येऊन बसला होता, पखवाजवाला पखवाजाला उगाच थोपटत होता, आणि वासूबुवा सारखे दाराकडे बघत होते.

पूजेचा प्रसाद वाटून झाला तरी नाहीत. मंडळाचा सेक्रेटरी घड्याळ दाखवायला लागला. आणि मग मागच्या दाराने गुंडूबुवा आले. इस्त्रीचा झब्बा, कपाळाला बुक्का. कुणाकडे बघितलं नाही. बसले, आणि पेटीवर बोट ठेवलं ते पूर्वीपेक्षा बरंच खालच्या सुरावर. पखवाजवाल्याने मान वर केली. त्याला आता पखवाज उतरवावा लागणार होता. हातोडीने तो ठोकायला लागला. ठक, ठक, ठक. पट्टी खाली का आली ते सगळ्यांना कळलं होतं. घाटकोपरच्या रांगेतून एक "च् च् च्" ऐकू आलं, आणि मी गुंडूबुवांचा चेहरा बघितला. पडला तो.

तेवढ्यात समोरून वासूबुवा. "किती खाली जातंस रे गुंड्या? तळमजलो लागलो की सांग, लिफ्टचो दरवाजो मी उघडतंय!"

नव्या लोकांतून "ए! शी!" असा आवाज आला. जुने लोक खुर्च्यांवरून उडाले. आणि गुंडूबुवा... काय सांगू, हसले. खांदे हलवून हलवून हसले, आणि हसता हसताच त्यांनी सूर लावला.

आवाज खरखरीत होता. दोनदा अडकला. अडकला तिथे लपवालपवी केली नाही, थांबले, पाणी प्यायले, पुढे गेले. पण त्या खालच्या पट्टीत तो अभंग असा काही लागला की पोरांनी वर धरलेले मोबाईल एकेक करून खाली आले. मी इतकी वर्षं लोकांना थांबवण्याचा धंदा केला, असं थांबलेलं कधी बघितलं नव्हतं.

मग टोमण्यांची पाळी. आधी वासूबुवांची सालटी काढली. मग माझ्याकडे बोट केलं. "ती बघा, ती मोबाईलवाली बाय! माझ्याकडे कापड आणलास तर मी पुरो ब्लाऊज शिवून देतंय. हिका आमी पुरी बारी दिली, हिना सगळ्या मुंबईत कातरण वाटल्यान!"

सगळा हॉल माझ्याकडे वळून हसत होता. कानापर्यंत लाल झाले असेन. आणि इतका आनंद झाला, शप्पथ सांगते. परक्या माणसाला डबलबारीत टोमणा मारत नाहीत.

शेवटी त्यांनी पेटीवरचे हात काढून जोडले, अगदी गंभीर चेहऱ्याने. "जे माका मोबाईलवर बिचारो म्हणाले, त्या माझ्या मायबापांका हात जोडून विनंती. मध पुरे झालो. पुढच्या बारीक या, पुढे बसा, आणि सूर गेलो तर माका शिव्या घाला. पण अशी दया करू नकात."

त्या बारीचं रील मी तिथून सुरू केलं, जोडलेल्या हातांपासून, आणि पट्टी उतरवलेला अभंग आवाज अडकतो त्या जागेपर्यंत ठेवला. मग अडकून परत सुरू होतो, तेही ठेवलं. अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं. माझ्या धंद्याच्या हिशेबाने लांबलं, लांबू दे म्हटलं. रात्री टाकलं आणि मोबाईल बंद करून झोपले, कारण आकडे बघायची हिंमत नव्हती.

सकाळी चहा टाकत होते तेवढ्यात फोन वाजला. गुंडूबुवा. हॅलो नाही, नमस्कार नाही.

"ऐक गो बाय, ऐक. ह्यो एक लिवता, ‘म्हाताऱ्या, पट्टी उतरवलंस म्हणान वासूबुवा वाचलो.’ हा हा! आणि ह्यो बघ, ‘एवढं पाणी पितोस, मधे शौचाला उठू नकोस.’ मेल्या! आणि ही एक बाय, घाटकोपरची आसतली, ‘काका, गाणं ठीक आहे, पण माझा ब्लाऊज कधी देणार?’"

ते वाचत होते, हसत होते, खोकत होते, परत वाचत होते. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला आणि ऐकत राहिले. मग ते थांबले. मला वाटलं, आवाज बसला.

"सगळ्यो वाचलंय मी," ते म्हणाले. "पहाटेपासून वाचतंय. एकानय ‘बिचारो’ म्हणूक नाय गो. एकानय."